फ्लॅश मीटर एफ/८ दाखवतो, तरी कपाळ उडतं : स्टुडिओ पोर्ट्रेटची मोजणी

बंद_खिडकी

घरच्या एका खोलीत पोर्ट्रेटची मांडामांड केली आहे. तपशील आधीच देते, म्हणजे उलटतपासणी टळेल.

खोली ११ × १५ फूट, छत ९ फुटांवर. तीन भिंती पांढऱ्या, चौथी पिस्ता रंगाची. ४०० वॅट-सेकंदाचे दोन स्ट्रोब (स्टुडिओ फ्लॅश) आणि एक स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश). ९० सेंमीचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स, मोठी पांढरी छत्री, एक अरुंद स्ट्रिप बॉक्स. मागे मध्यम राखाडी पेपर, व्यक्ती त्याच्या ५ फूट पुढे. आयएसओ १००, शटर १/१२५, अ‍ॅपर्चर एफ/८, लेन्स ८५ मिमी. की लाइट (मुख्य दिवा) चेहऱ्यापासून ४५ अंशांत, साधारण ३ फुटांवर, डोक्याच्या वर. चेहरा थोडा लाइटकडे वळवलेला. फ्लॅशचा उजेड मोजणारा मीटर हातात धरायचा साधा, पांढऱ्या डोमचा.

अडचणी अशा:

१) डोम सॉफ्टबॉक्सकडे केला तर एफ/८ येतं. कॅमेऱ्याकडे केला तर ५.६ आणि बाजूला बारीक ३. खरं कुठलं? सध्या डोम कॅमेऱ्याकडे ठेवून एफ/८ येईपर्यंत पॉवर वाढवते.
२) त्यात नवरीचं कपाळ आणि नाकाचा शेंडा उडतो, म्हणजे नुसता पांढरा होतो. नवरदेवाची काळी शेरवानी मात्र खांद्यापासून गायब.
३) फिल (सावली उजळणारा दुसरा लाइट) बंद ठेवला तरी सावलीची बाजू म्हणावी तशी गडद होत नाही.
४) चेहऱ्यापाशी दर वेळी एफ/८ च, पण मागचा पेपर कधी करडा तर कधी जवळजवळ काळा.

तिघांच्या फॅमिली फोटोत एका टोकाचा माणूस कायम अंधारात जातो, तेही सांगितलंत तर बरं.

उजेडकर

तुमच्या आकड्यांतच बहुतेक उत्तरं आहेत. पहिल्या दोन अडचणी एकच आहेत, म्हणून त्या आधी घेतो.

डोम हा चेहऱ्याचा गोलवा धरून केलेला अर्धगोल आहे. तो कॅमेऱ्याकडे केला की कॅमेऱ्याला दिसणाऱ्या बाजूवर सगळीकडून पडणाऱ्या उजेडाची सरासरी देतो. लाइट समोरून जितका बाजूला सरकतो तितका डोमचा उजळ भाग कमी होतो आणि आकडा खाली येतो. एकच लाइट पेटलेला आहे आणि भिंतींचा उजेड नाही असं धरलं, तर लाइटकडे आणि कॅमेऱ्याकडे डोम करून घेतलेल्या आकड्यांत ४५ अंशांना जेमतेम ०.२ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, जसं एफ/५.६ ते एफ/८) फरक पडतो, ६० अंशांना ०.४, ७५ अंशांना ०.७ आणि ९० अंशांना पूर्ण एक.

मीटरवरचा बारीक आकडा म्हणजे स्टॉपचे दहावे भाग, म्हणून ५.६ आणि बारीक ३ पासून एफ/८ पर्यंत तुमचा फरक नेमका ०.७ आहे. म्हणजे तुमचा लाइट कॅमेऱ्याच्या रेषेपासून ४५ नाही, ७५ अंशांवर आहे. ४५ तुम्ही चेहऱ्यापासून मोजलेत, आणि चेहरा आधीच तीसेक अंश लाइटकडे वळलेला. मोजणीत कोन धरायचा तो कॅमेऱ्यापासून.

आता इतक्या बाजूच्या लाइटला कॅमेऱ्याकडच्या आकड्यावर एफ/८ आणलंत, तर लाइटकडच्या गालावर प्रत्यक्षात एफ/८ हून ०.७ स्टॉप जास्त उजेड पडतो. त्यात मीटर बहुतेक हनुवटीखाली धरत असाल. लाइट वरून येतो, कपाळ त्याला जवळ. लाइटपासून कपाळ ३ फूट आणि हनुवटी साडेतीन फूट असेल तर अंतराच्या वर्गाच्या नियमाने (अंतर दुप्पट तर उजेड चौथा हिस्सा) ०.४ स्टॉपचा फरक होतो. सॉफ्टबॉक्स इतका जवळ असला की हा नियम काटेकोर लागत नाही, फरक थोडा कमी भरतो. तरीही ०.७ मध्ये हे मिळवा, एक स्टॉप जास्त झाला. वर फाउंडेशनची चकाकी. कपाळ उडणारच.

उपाय: डोम आत ओढायची सोय असेल तर ओढा, नसेल तर सपाट पांढरी चकती लावा. चेहऱ्याचा सगळ्यांत उजळ भाग, म्हणजे लाइटकडचा गाल किंवा कपाळ, तिथे मीटर टेकवल्यासारखा धरा, तोंड सॉफ्टबॉक्सच्या मध्याकडे. हा आकडा एफ/८ वर आणा. सावली किती गडद ठेवायची हा वेगळा निर्णय. तो फिलने घ्या, की-लाइटच्या पॉवरने नाही.

आणखी एक. मीटरवर ८ आणि बाजूला बारीक ५ दिसलं तर ते एफ/८.५ नव्हे, एफ/८ अधिक अर्धा स्टॉप. कॅमेऱ्यावर ते एफ/९.५ होतं. ही गफलत फार चालते.

काळा_पडदा

उजेडकरांशी सहमत, पण मी एक पायरी पुढे जाईन. डिजिटलला डोम कॅमेऱ्याकडे करायची गरजच नाही. की लाइट मोजा, तो आकडा कॅमेऱ्यावर लावा, संपलं. सावलीतलं रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली) मधून निघतं, उडालेलं कपाळ निघत नाही.

उजेडकर

किंचित असहमत. लाइट समोरून ३० ते ४५ अंशांत असेल तर दोन्ही आकडे जवळपास सारखेच येतात, तिथे वाद नाही. पण फिल कॅमेऱ्याच्या रेषेतून येत असेल तर तो उजळ गालावरही पडतो. एकटा की एफ/८ आणि एकटा फिल एफ/५.६ असेल, तर दोन्ही पेटल्यावर उजळ गालावर दोन अधिक एक असे तीन भाग उजेड होतो. म्हणजे एफ/८ हून ०.६ स्टॉप जास्त. की मोजून थांबलात तर फोटो तेवढाच फिका येईल. म्हणून शेवटची मोजणी सगळे लाइट एकत्र पेटवून, डोम बाहेर काढून, कॅमेऱ्याकडे. आधी एकेकटा, मग एकत्र.

लाइट ७५-९० अंशांवर, अर्ध्या चेहऱ्यावर अंधार ठेवायचाय, तेव्हा मात्र तुमचंच बरोबर.

चांदणभूल

या वादाचं मूळ फिल्ममध्ये आहे. निगेटिव्हला कमी उजेड सोसत नाही, जास्त बराच सोसतो. म्हणून निगेटिव्हवाले सरासरीचा किंवा सावलीकडचा आकडा धरत. स्लाइडला उलट, उजळ भाग सांभाळायचा. डिजिटल सेन्सर स्लाइडच्या जातीचा. डोम आणि कॅमेऱ्याकडे तोंड ही पद्धत निगेटिव्हच्या काळात रुजली आणि तशीच पुढे शिकवली गेली.

पिक्सेलपंत

इतकं सगळं कशाला? मागे स्क्रीन आहे, हिस्टोग्राम (उजळ-गडद भागांचा आलेख) आहे, उडालेला भाग लुकलुकतो. मीटरचे पैसे वाचवून एक चांगला सॉफ्टबॉक्स येईल.

निळीशाई

पंत, एकच लाइट आणि एकच माणूस असेल तर तुमचं चालून जाईल. पण हिस्टोग्राम चौकटीत काय आहे ते सांगतो, उजेड किती पडला ते नाही. पांढरी साडी नेसलेली बाई आणि काळा बंदगळा घातलेला पुरुष एकाच लाइटखाली बसवा. उजेड तोच, पण एकीचा आलेख उजव्या भिंतीला टेकेल, दुसऱ्याचा डाव्या. आणि तो आलेख कॅमेऱ्यातल्या जेपेगचा असतो. पिक्चर स्टाइल भडक ठेवलीत तर रॉ शाबूत असूनही लुकलुकाट सुरू.

मीटरशिवाय करायचं तर राखाडी कार्ड चेहऱ्याच्या जागी, कॅमेऱ्याकडे तोंड करून धरा आणि चौकट भरून फोटो घ्या. पिक्चर स्टाइल न्यूट्रल. १८ टक्क्यांच्या कार्डाचा उंचवटा २५५ पैकी ११८ च्या आसपास यायला हवा. इथवर ठीक. पण की आणि फिल यांत किती फरक आहे, पार्श्वभूमीच्या चार कोपऱ्यांत किती आहे, मागच्या महिन्यातली मांडणी आज तशीच कशी लावायची, हे कार्ड सांगत नाही. मीटर हा एक्स्पोजरपेक्षा गुणोत्तरासाठी घ्यायचा.

उजेडकर

उजळ गाल आणि सावलीचा गाल यांच्या गुणोत्तराचा विषय निघालाच आहे तर आकडे एकदा मांडून टाकतो. फिल समोरून, दोन्ही गालांवर सारखा पडतोय आणि प्रत्येक लाइट एकटा मोजलाय असं धरून:

फिल कीइतकाच – २:१. सपाट, पासपोर्ट फोटोसारखं.
फिल एक स्टॉप कमी – ३:१. नवरा-नवरी, कुटुंब, ऑफिसचे फोटो. बहुतेकांना हेच आवडतं.
दीड स्टॉप कमी – जवळजवळ ४:१.
दोन स्टॉप कमी – ५:१. चेहऱ्याला धार येते, सुरकुत्याही दिसतात.
तीन स्टॉप कमी – ९:१. नाटकाच्या जाहिरातीला.

काही पुस्तकांत एक स्टॉपच्या फरकाला सरळ २:१ म्हणतात, कारण ते फिल उजळ बाजूवर पडतो हे धरत नाहीत. कोण काय धरतंय ते न विचारता आकड्यांवर भांडू नये. स्टॉपमध्ये बोलावं.

फिल लाइट मोठा हवा आणि शक्यतो कॅमेऱ्यामागे, लेन्सच्या थोडा वर. तुमची पांढरी छत्री त्यासाठी उत्तम. फिल दुसऱ्या बाजूला ४५ अंशांत ठेवलात तर नाकाच्या दोन सावल्या पडतात, एक इकडे एक तिकडे, आणि चेहरा खोटा दिसतो.

तिपाई

तिसऱ्या अडचणीबद्दल कुणी बोललं नाही. ताई, तुमचा फिल बंद नाहीये. भिंती आणि छत हाच तुमचा फिल आहे.

तपासायची रीत: फक्त की पेटवा. मीटर सावलीकडच्या गालापाशी, चकती त्या बाजूच्या भिंतीकडे. अंगाची सावली चकतीवर पडू देऊ नका, आणि कीचा थेट उजेड दुसऱ्या हाताने अडवा. येणारा आकडा निव्वळ खोलीचा. ११ फूट रुंदीच्या पांढऱ्या खोलीत तो कीपेक्षा दोन-अडीच स्टॉपच कमी आला तर नवल नाही. मग फिल कितीही कमी करा, त्याखाली सावली जाणार नाही.

यावर काळं लावायचं. सावलीच्या गालापासून दोन फुटांवर थर्माकोलची मोठी शीट उभी करा, एक बाजू काळी, एक पांढरी. काळी आत केली की सावली गडद, पांढरी आत केली की रिफ्लेक्टर. सिनेमावाले अशा काळ्या आडोशाला कटर म्हणतात. रंग पाण्यात मिसळणारा, मॅट घ्या. स्प्रेचा डबा मारलात तर त्यातल्या सॉल्व्हंटने थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. काळा कपडा लावायचा तर मखमल किंवा फेल्ट. सॅटिन नको, चकाकतं.

छतही विसरू नका. छत्री वापरली की निम्मा उजेड वर जाऊन परत येतो. सॉफ्टबॉक्सला कापडी ग्रिड (उजेड बाजूला पसरू न देणारी जाळी) लावली तर खोलीत सांडणारा उजेड बराच कमी होतो, पण ग्रिडने साधारण एक स्टॉप खाल्ला जातो, तेव्हा मीटर पुन्हा घ्या.

आणि ती पिस्ता भिंत. सावलीच्या गालाला हिरवट झाक तिथूनच येत असणार. व्हाइट बॅलन्सने ती जात नाही, कारण उजळ गाल स्ट्रोबच्या रंगाचा आणि सावली भिंतीच्या रंगाची. एकाला सुधारलं की दुसरा बिघडतो. भिंत झाका, नाहीतर पांढरी करून घ्या.

बंद_खिडकी

धन्यवाद सगळ्यांना. हिरवट झाक आहे खरी. मला वाटलं होतं मेकअपचा दोष. पार्श्वभूमीचं काय? आणि शेरवानी?

दोनतीनपाच

पार्श्वभूमीचं गणित करूनच बघा. की चेहऱ्यापासून ३ फूट, पेपर चेहऱ्यामागे ५ फूट. सोपं जावं म्हणून की समोरून आहे असं धरलं, तर कीपासून पेपर सुमारे ८ फूट. ८ भागिले ३, त्याचा वर्ग सात. म्हणजे पेपरवर चेहऱ्यापेक्षा २.८ स्टॉप कमी उजेड. मध्यम राखाडी पेपर तिथे जवळपास काळा दिसतो.

आता की मागे घेऊन ५ फुटांवर नेला आणि पॉवर वाढवून चेहऱ्यावर पुन्हा एफ/८ केला. पेपर आता १० फुटांवर. १० भागिले ५, वर्ग चार, म्हणजे फक्त दोन स्टॉप कमी. चेहऱ्याचा आकडा तोच, पेपर ०.८ स्टॉपने उजळला. तुमचा करडा-काळा खेळ हाच असणार. स्टँड हलवला की पार्श्वभूमी हलते.

त्यामुळे पार्श्वभूमी कीच्या सांडलेल्या उजेडावर सोडू नका. तिला स्वतःचा लाइट द्या. तुमच्याकडे स्पीडलाइट मोकळा आहे, व्यक्तीच्या मागे जमिनीलगत बुटक्या स्टँडवर, पेपरकडे तोंड. मीटर पेपरला टेकवून, डोम कॅमेऱ्याकडे. राखाडी पेपरवर:

कीइतकाच आकडा – पेपर जसा आहे तसा राखाडी.
एक स्टॉप वर – फिकट राखाडी.
दोन स्टॉप खाली – कोळशाकडे झुकलेला.
तीन खाली – काळा म्हणून खपतो.

राखाडीला पांढरा करायच्या भानगडीत पडू नका. त्याला सव्वादोन स्टॉपहून जास्त द्यावे लागतात आणि तो उजेड उलटून व्यक्तीच्या कडा खातो. पांढरा हवा तर पांढराच पेपर घ्या. तो मुळातच मध्यम राखाडीपेक्षा सुमारे २.३ स्टॉप उजळ, म्हणून कीपेक्षा अर्धा ते एक स्टॉप वर ठेवला की स्वच्छ पांढरा. दीड-दोन केलात की केसांच्या बटा विरघळतात, गालाच्या कडा धुरकट होतात आणि लेन्समध्ये धुकं येऊन अख्ख्या फोटोचा कॉन्ट्रास्ट पडतो. चार कोपरे आणि मध्य यांत ०.३ स्टॉपहून जास्त फरक नको. दोन लाइट असतील तर डावा उजव्या कडेवर आणि उजवा डाव्या कडेवर रोखायचा, आपोआप समान पसरतो.

निळीशाई

शेरवानी आणि पैठणी या दोन अगदी उलट गोष्टी आहेत, म्हणून वेगवेगळं.

काळं कापड आलेला उजेड गिळतं. की वाढवून काही होत नाही, चेहरा फिका होतो एवढंच. काळ्याला आकार कडेने द्यावा लागतो. तुमचा स्ट्रिप बॉक्स व्यक्तीच्या मागे एका बाजूला, ग्रिड लावून, खांदा आणि बाही यांवर घासून जाईल असा. मीटर खांद्यापाशी, चकती स्ट्रिपकडे. माणसाच्या गालावर हा लाइट कीपेक्षा एक स्टॉप कमी असला तरी ठळक दिसतो, कारण तिरक्या कोनातला उजेड चकाकून लेन्समध्ये येतो. काळ्या कापडावर आणि काळ्या केसांवर मात्र कीइतका किंवा अर्धा स्टॉप जास्तही चालतो. केसांना तेल चोपडलेलं असेल तर परत एक स्टॉप खाली, नाहीतर डोक्यावर पांढरा पट्टा उमटतो. स्ट्रिपचा उजेड थेट लेन्सवर येत नाही ना, ते लेन्सच्या जागेवरून बघून घ्या. समोरच्या काचेवर लाइट दिसला तर मध्ये काळा पुठ्ठा.

पैठणीची जर हा आरसा समजा. ती स्वतःचा रंग फार कमी दाखवते, समोर जे असेल ते दाखवते. छोटा लाइट असेल तर जरीवर पांढरे ठिपके, मोठा सॉफ्टबॉक्स असेल तर पदरभर सोनेरी झळाळी. त्यामुळे काठ-पदर चौकटीत असताना की शक्य तितका मोठा आणि जवळ. पोलरायझरने (ध्रुवित उजेड गाळणाऱ्या फिल्टरने) जरीची चकाकी मारता येईल असं काहींना वाटतं. धातूवरून परतलेला उजेड ध्रुवित नसतो, तिथे तो फिल्टर निरुपयोगी. उलट दीड-दोन स्टॉप खातो, आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो.

नथीच्या मोत्यात सॉफ्टबॉक्सचं प्रतिबिंब दिसतं ते राहू द्या, मोती त्यानेच मोती दिसतो. नथीची सावली वरच्या ओठावर पडत असेल तर की थोडा खाली घ्या.

काळा_पडदा

सावळ्या रंगाबद्दल एक. हातातला मीटर पडणारा उजेड मोजतो, म्हणून त्याच्या आकड्यावर सावळा माणूस सावळा आणि गोरा गोरा येतो. कॅमेऱ्यातल्या मीटरने चेहऱ्यावर स्पॉट घेतला तर तो प्रत्येकाला मध्यम राखाडी करायला बघतो, सावळ्याला फिका आणि गोऱ्याला काळपट. ‘जरा उजळ करा’ म्हणणारी गिऱ्हाइकं असतात, तो वेगळा विषय.

सावळ्या त्वचेचा गोलवा चकाकीतून दिसतो. लाइट मोठा ठेवा, कॅमेऱ्याला चकाकी दिसेल अशा कोनात बाजूला न्या. पॉवर वाढवून काम होत नाही. कपाळावरचा घाम आणि तेल टिपकागदाने टिपा, घासू नका.

तिपाई

तिघांच्या फोटोचं. एका टोकापासून की ४ फूट, दुसरं टोक ६ फूट, तर फरक १.२ स्टॉप. लाइट ८ फुटांवर नेला की अंतरं ८ आणि १०, फरक ०.६. पॉवर दोन स्टॉपने वाढवावी लागेल, म्हणजे १/४ वर होता तर पूर्ण १/१. ४०० वॅट-सेकंदात इथे दम निघतो. आयएसओ २०० करा, पाप नाही.

दुसरी युक्ती: सॉफ्टबॉक्सचं तोंड जवळच्या माणसावरून काढून लांबच्या माणसाकडे वळवा. जवळच्याला कडेचा कमजोर उजेड मिळतो, लांबच्याला मधला. मीटर तिघांच्या नाकापाशी वेगवेगळा धरा आणि तिन्ही आकडे ०.३ च्या आत येईपर्यंत तोंड वळवत राहा. हे नुसत्या डोळ्यांनी जमत नाही, मॉडेलिंग लॅम्पच्या (स्ट्रोबमधल्या कायम पेटत्या दिव्याच्या) उजेडात तर नाहीच.

चष्मेवाले असतील तर की वर न्या आणि चष्म्याच्या दांड्या कानांवर थोड्या उचला, काचा खाली झुकतात. हनुवटी पाव इंच खाली.

पिक्सेलपंत

बरं, मीटर घेतो असं समजा. एका मित्राचा मीटर दर पॉपला, म्हणजे दर वेळी फ्लॅश पेटवला की, वेगळा आकडा देतो. तो बिघडलाय का?

उजेडकर

मीटरला दोष देण्याआधी हे बघा.

पॉवर कमी केल्यावर एक पॉप रिकामा मारलाय का? बऱ्याच साध्या स्ट्रोबांत कपॅसिटरमध्ये भरलेला जास्तीचा चार्ज आपोआप उतरत नाही, पहिला पॉप जुन्याच पॉवरचा जातो. काही स्ट्रोब स्वतःच डम्प करतात, त्यांना गरज नाही.

चार्ज पूर्ण झाल्याची शिट्टी वाजायच्या आत पॉप मारला का? हा कमी येणारच. दोन-तीन स्ट्रोब एकाच लांब, बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर असले की शिट्टी आणखी उशिरा. आणि साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्ट्रोब लावू नका.

स्पीडलाइट टीटीएलवर (कॅमेराच फ्लॅशची पॉवर ठरवतो त्या सेटिंगवर) आहे का? त्याचा प्री-फ्लॅश बघून ऑप्टिकल स्लेव्हवरचा (दुसरा फ्लॅश बघून पेटणारा) स्ट्रोब आधीच उडतो, शटर उघडतं तेव्हा तो रिकामा. मीटरही त्या प्री-फ्लॅशवरच थांबतो आणि भलताच आकडा देतो. सगळं मॅन्युअलवर, रेड-आय बंद. स्लेव्हला एस१ आणि एस२ असे पर्याय असतील तर एस२ प्री-फ्लॅश सोडून देतो. हाय-स्पीड सिंकवर (फार वेगवान शटरसाठी फ्लॅश तुकड्यांत पेटवण्याची सोय) असाल तर बहुतेक मीटर ते मोजूच शकत नाहीत, मोजणारे मोजके आहेत.

मीटरवरचा आयएसओ आणि शटर कॅमेऱ्याशी जुळतात का? आयएसओ चुकला तर आकडा सरळ तितक्या स्टॉपने चुकतो. शटरचा संबंध फ्लॅशशी नाही, आजूबाजूच्या उजेडाशी. ट्रिगर न लावता एक फोटो घ्या, तो काळा यायला हवा. एफ/८ ला ट्यूबलाइटचा त्रास होत नाही. एफ/२.८ ला उघड्या खिडकीचा हमखास होतो.

फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येत असेल तर तो मीटरचा नाही, सिंकचा (शटर आणि फ्लॅश जुळण्याचा) दोष. स्वस्त रेडिओ ट्रिगर थोडा उशीर करतात. कॅमेऱ्याचा सिंक १/२०० असला तरी १/१२५ किंवा १/१६० वर राहा.

सगळं जुळूनही आकडा आणि फोटो यांत दर वेळी सारखाच फरक येत असेल, तर राखाडी कार्डाचे फोटो ०.१ च्या पायऱ्यांनी घेऊन मीटरच्या सेटिंगमधली दुरुस्ती कायमची लावून टाका. कॅमेऱ्याचा आयएसओ आणि लेन्सची काच मिळून ०.३ पर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं.

बंद_खिडकी

डोळे ठळक आणि मागचं धूसर हवं म्हणून एफ/२.८ वर जायचं होतं. स्ट्रोब सगळ्यात कमी, १/१६ वर ठेवूनही मीटर एफ/४ च्या खाली जात नाही. लाइट लांब नेला की तो कडक होतो.

दोनतीनपाच

लाइट हलवू नका. लेन्सवर तीन स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा राखाडी फिल्टर) लावा, मीटरमध्ये आयएसओ १०० ऐवजी १२ टाका किंवा मनात तीन स्टॉप वजा करा. १/१६ वरचं एफ/४ एनडीनंतर एफ/१.४ सारखं वागेल, मग पॉवर दोन स्टॉप वाढवून १/४ वर एफ/२.८. एनडी स्वस्तातला असेल तर जांभळट झाक देतो, तो लावूनच कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. एनडी नको असेल तर सॉफ्टबॉक्सच्या आत, दिव्यासमोर पांढऱ्या कापडाचा आणखी एक थर. मॉडेलिंग लॅम्प हॅलोजनचा असेल तर कापड त्यापासून लांब, नाहीतर करपेल.

पॉवर फार बदललीत तर रंगही थोडा सरकतो. व्होल्टेज कमी करून पॉवर उतरवणारे स्ट्रोब खालच्या पातळीवर पिवळट होतात. स्पीडलाइट पॉप मध्येच तोडतो, म्हणून तो खाली निळसर होतो. दोन्ही जातीचे एकत्र वापरत असाल तर स्पीडलाइट पार्श्वभूमीवरच बरा, चेहऱ्यावर नको.

चांदणभूल

अवांतर: जुने, सिंक केबलवाले स्ट्रोब स्वस्तात मिळतात म्हणून कुणी घेत असेल तर केबल कॅमेऱ्याला लावण्याआधी मल्टीमीटर लावा. स्ट्रोब चालू, पूर्ण चार्ज, मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक प्लगच्या मधल्या पिनेला आणि दुसरं बाहेरच्या कड्याला. काही जुन्या युनिटांत दोनशेच्या वर व्होल्ट निघतात. कॅमेरा किती सोसतो ते त्याच्या मॅन्युअलमध्ये असतं, ते वाचल्याशिवाय नाही. आकडा मोठा आला तर स्ट्रोबला ऑप्टिकल स्लेव्ह लावा. रेडिओ रिसीव्हर लावणार असाल तर तोही किती व्होल्ट सोसतो ते आधी बघा. कॅमेऱ्याशी तारेचा संबंधच ठेवू नका.